तालमीच्या मातीचे विरजण

वासाला स्वतःचे वेळापत्रक असते, ही गोष्ट हैद्राबादेस विद्यापीठात चार वर्षे काढूनही मला कळली नव्हती. ती कळली बेंबळीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात, अण्णाराव किराणेवाल्यांच्या घराचा अर्धा भाग भाड्याने घेतल्यावर. मी तेथल्या वस्तानिया शाळेत, म्हणजे मधल्या शाळेत, शिक्षक होतो. वाचनाच्या खोलीला पश्चिमेस मोठी खिडकी होती. "बी. ए. झालेल्या माणसाला उजेड पायजे," असे म्हणून अण्णारावांनी ती स्वतःच्या हाताने उघडून दाखवली. त्या वेळी सकाळचे दहा वाजले होते. ती वेळ त्यांनी विचारपूर्वक निवडली असावी, असे मला मागाहून वाटू लागले.

खिडकीपलीकडे बोळ होता आणि बोळापलीकडे शरणबसप्पा वस्तादांची तालीम. पहाटे पाचला तेथून करडईच्या तेलाचा वास निघे. सातला घामाचा. दुपारी उन्हे तापली की दोरीवर वाळत घातलेल्या तीस-पस्तीस लंगोटांचा. आणि सायंकाळी, मी कंदिलाची काच पुसून पुस्तक उघडावे तो, हे सगळे वास एकत्र येत आणि त्यांना खालून आधार देई तो हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, मातीचा वास: जुना, आंबट, भरदार. त्या वासात तीन पिढ्यांचा पराक्रम होता हे मला मान्य आहे. परंतु पराक्रम डोळ्यांनी वाचण्याची गोष्ट आहे; नाकाने तो फार लवकर पाठ होतो.

मी अर्ज केला. येथे माझी बाजू थोडी मांडली पाहिजे. मी तालमीचा शत्रू नव्हतो. व्यायामाविषयी मला आदर होता, आणि आदर थोड्या अंतरावरूनच चांगला टिकतो. मला केवळ स्वच्छता हवी होती. म्हणून तालुक्याच्या कचेरीकडे मी उर्दूतून चार पानी अर्ज लिहिला. त्यात आरोग्यशास्त्राचे दाखले होते, दोन फारसी वचने होती, आणि बाहेरगावचे दोन पाहुणे पैलवान तालमीच्या उंबऱ्यावरूनच नाक धरून परत फिरले, ही मी स्वतः पाहिलेली घटनाही होती. चौथे पान संपल्यावर मी अर्ज पुन्हा वाचला आणि त्या लेखनावर इतका प्रसन्न झालो की तो कशाविषयी आहे हे क्षणभर विसरून गेलो.

तीन महिने काहीच झाले नाही. कचेरीकडून काही होत नसते या सर्वमान्य विश्वासावर मीही निश्चिंत झालो. मग १३५४ फसलीच्या खुर्दाद महिन्यात, म्हणजे १९४५ च्या आपल्या चैत्रात, एका दुपारी शरणबसप्पा वस्ताद माझ्या दारात उभे राहिले. वय साठीचे, कान मोडून कळीसारखे मिटलेले, आणि देह असा की दाराचा उजेड बंद झाला. खुर्ची पुढे केली तर ते खाली ओट्यावर बसले. "तेलाचं अंग हाय. खुर्ची खराब हुईल," असे म्हणून त्यांनी दोन कागद पुढे केले.

"गुरुजी, कचेरीचा कागद आलाय. उर्दू हाय. जरा वाचून दावा."

पहिला कागद हुकूम होता. पंधरा दिवसांनी सफाईचे दरोगासाहेब तालीम तपासण्यास येतील. बदबू आढळल्यास तालमीची इजाजत रद्द होऊन तिला कुलूप लागेल. दुसरा कागद ओळखायला मला वाचावा लागला नाही. अक्षर माझेच होते. कचेरीने मूळ अर्जच हुकुमाला टाचून पाठवला होता आणि दरोगासाहेब आल्यावर तो परत हजर करण्याची ताकीद दिली होती.

मी हुकूम वाचून दाखवला. वस्तादांनी तालमीकडे पाहिले. मग म्हणाले, "वीरप्पा वस्तादांनी ही तालीम माज्या हातात दिली तवा मी इकोणीस वर्सांचा व्हतो. कुलूप लागलं, तर पाटंचं उठून मी जाऊ कुठं, गुरुजी?"

या प्रश्नाचे उत्तर आरोग्यशास्त्रात नव्हते.

"आता ह्यो दुसरा वाचा," ते म्हणाले.

स्वतःचा अर्ज, ज्याच्याविरुद्ध तो आहे त्यालाच मोठ्याने, मराठी करून वाचून दाखवणे, हा प्रसंग कोणावर येऊ नये असे मी इच्छितो. वस्ताद डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या पानावर 'सायंकाळी पश्चिमेची खिडकी उघडून वाचावयास बसले असता' हे वाक्य आले तेव्हा त्यांनी हात वर केला. "ही ओळ परत वाचा." मी परत वाचली. लेखनशैलीचा परिणाम अडाणी माणसावरही होतो, असे वाटून त्या परिस्थितीतही मला किंचित बरे वाटले. शेवटची सही मी गाळली आणि 'एक नागरिक' असे वाचले.

"लिवनारा हुशार हाय," वस्ताद म्हणाले. मी मान खाली घातली. "बरं, मग आता तुमीच सांगा. तुमी शिकल्यालं. वास कसा घालवायचा?"

मी इतक्या तत्परतेने होकार दिला की आतून सौभाग्यवतींनी पडदा सारून माझ्याकडे पाहिले. वस्ताद गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, आधी ते लंगोट धुवायला सांगा." हा उपाय मला अशास्त्रीय वाटला. इतक्या सोप्या गोष्टीसाठी कोणी बी. ए. होत नाही.

गावात बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. अण्णारावांनी मला दुकानावर बोलावून घेतले. "गुरुजी, गुगुळ! देवाच्या गाभाऱ्यात किती मानसं येत्यात? वास येतो का? न्हाय! का? गुगुळ!" गुगुळ योगायोगाने त्यांच्याच दुकानात होता. दुसऱ्या दिवशी दोन शेर गुगुळ पाच घमेल्यांतल्या निखाऱ्यांवर घालून, दारे-खिडक्या लावून, आम्ही तालीम धुरवली. पाव तासात कौलांतून धूर निघू लागला. वेशीकडून तो कोणाला तरी दिसला, आणि माणसे घागरी घेऊन धावत आली. मी दारात उभा राहून "हा प्रयोग आहे, प्रयोग!" असे ओरडत होतो, पण आग विझवायला निघालेला माणूस वादविवादाच्या मनःस्थितीत नसतो. पहिली घागर माझ्या अंगावर पडली. तिसऱ्या दिवशी धूर विरला तेव्हा वास गेला नव्हता. फक्त घामाला गुगुळाचा वास येऊ लागला होता.

मग धुरपताबाई आल्या. या समोरच्या घरच्या; गावातल्या अर्ध्या बाळंतपणांचे श्रेय त्यांच्याकडे आणि उरलेल्या अर्ध्यांवरची टीकाही त्यांच्याकडे. "लई शानं झालात, पर मातीचं औषीद ठावं न्हाय व्हय? मातीला ताक लागतंय, ताक! वस्ताद नागपंचमीला घालतोच की." हे खरे होते. वस्ताद दरवर्षी हौद्यात ताक, तेल आणि हळद घालीत. तथापि वस्ताद एक घागर ताक घालीत. मला पंधरा दिवसांत वर्षाचे काम उरकायचे होते, म्हणून मी बारा घागरी घातल्या. चैत्रातले ऊन, बंद जागा आणि बारा घागरी ताक यांचा संयोग मी येथे वर्णन करीत नाही. हुकूम आल्यापासून पाचव्या दिवशी गावातली सगळी मांजरे तालमीत मुक्कामाला आली. सातव्या दिवशी खुद्द पैलवान हौद्यात उतरेनात. आठव्या दिवशी वस्ताद म्हणाले, "गुरुजी, आता मानसाच्या हातात काय न्हाय. मी तुळजापुरास्नं आईला साकडं घालून येतो. दोन दिस. तवर तालीम तुमच्या हवाली."

ते चालत निघाले. मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिले आणि मला माझ्या पाठ्यपुस्तकातले वाक्य आठवले: सूर्यप्रकाशासारखा जंतुनाशक नाही. मला ते आधी का आठवले नाही?

सकाळची शाळा सुटताच वीस पैलवान कामाला लावून मी हौदा तळापर्यंत उपसवला आणि पाच गाड्या माती तालमीसमोर सडकेवर उन्हात पसरायला लावली. निम्मी पसरली, तोच पोलीस जमादार आला. ते दिवस असे होते की चार माणसे एकत्र दिसली तरी सरकारला झोप येत नसे. जमादाराने आधी ढीग पाहिला, मग वीस पैलवान पाहिले, मग मला पाहिले.

"क्या मास्टरसाब, सडक पे ये कायका मोर्चा बांध रहे?"

"मोर्चा नाही. माती वाळवतो आहे."

"मट्टी सुकाने की इजाजत है?"

माती वाळवण्याची इजाजत असते हे मला ठाऊक नव्हते, हे मी कबूल केले. जमादार भला माणूस होता. त्याने विचार केला आणि सांगितले की अर्ज केल्यास इजाजत महिन्याभरात मिळेल. तोपर्यंत माती सूर्य मावळायच्या आत सडकेवरून हलली पाहिजे. परत आत टाकावी, तर ती अजून ताकाने थबथबलेली होती.

मी डोक्याला हात लावून बसलो असताना धुरपताबाई हळूच जवळ आल्या. "गुरुजी, नातवाचा पाय मुरगाळलाय. चिमूटभर माती घिऊ का?"

तालमीची माती मुरगळ्यावर लावतात, तान्ह्या पोराची दृष्ट तिने उतरवतात, हे मला ऐकून माहीत होते. ती फक्त शनिवारी, वस्तादांच्या हातून, आणि चिमूटभरच मिळते, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. मी उदारपणे म्हणालो, "चिमूटभर कशाला? हवी तेवढी घ्या!"

धुरपताबाईंनी माझ्याकडे असे पाहिले जसे देवाने स्वतःहून नारळ परत करावा. मग त्या पळाल्या. त्या वयाची बाई इतक्या वेगाने पळू शकते हे त्या मातीच्या गुणाचेच प्रमाण म्हटले पाहिजे. अर्ध्या तासात सगळे गाव टोपल्या, सुपे, पाट्या घेऊन हजर झाले. लोक एकमेकांना दूर सारून, पण भक्तिभावाने, माती भरीत होते. उरलेला ढीग बब्रुवान शेतकऱ्याने गाडी लावून आपल्या लिंबांच्या बागेत नेला. सूर्य मावळला तेव्हा सडक झाडून काढल्यासारखी स्वच्छ होती. जमादाराने मला सलाम केला. दुसऱ्या दिवशी माळावरची नवी तांबडी माती आणून मी हौदा भरला. कोरी, मऊ, निर्गंध माती. त्या संध्याकाळी मी खिडकी उघडून वीस पाने वाचली.

वस्ताद परतले ते कपाळाला मळवट आणि हातात प्रसाद घेऊन. आनंदाने मी त्यांना थेट हौद्याशी नेले. त्यांनी पायताण काढले, आत पाऊल ठेवले, वाकून मूठभर माती उचलली, हुंगली आणि ती तशीच खाली सोडली.

"ही माती मुकी हाय," ते म्हणाले.

"स्वच्छ आहे, वस्ताद."

"जुनी कुठं हाय?"

मी सांगितले. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. वस्ताद रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोसले असते. ते हौद्याच्या काठावर बसले.

"गुरुजी, तुमच्या घरात दही कसं लावत्यात?"

"विरजण घालून."

"आन् विरजण कुठलं?"

"कालच्या दह्याचं."

"तसंच हाय ह्ये. नवी माती दरसाल घालतो, पर जुनी काढीत न्हाय. वीरप्पा वस्ताद ह्याच मातीत घोळले, त्यांचे वस्ताद बी. माज्या पैल्या दिवशी वीरप्पांनी हीच माती माज्या डोस्क्यावर टाकली. तळाला त्येंची माती व्हती." त्यांनी हात झटकले. "विरजण संपलं. कुलपाचं आता काय? आत काय ऱ्हायलंय कुलूप लावाय?"

त्या रात्री जेवण गेले नाही. सकाळी सौभाग्यवतींनी माझ्यासमोर आमच्या घरची वेताची टोपली ठेवली आणि म्हणाल्या, "वाटताना लाज वाटली नाही, आता मागताना वाटून कसं चालेल?"

बब्रुवानाच्या बागेत आधी गेलो. त्याने मातीवर पाट सोडून दिला होता. "लिंबं आता पैलवान हुत्याल बगा, गुरुजी," तो कौतुकाने म्हणाला. पण कारण ऐकताच त्याने टोपी काढली. सगळी कुठली मिळणार? आणि तळाची माती नेमकी कोणाकडे गेली हे कोणालाच सांगता येत नव्हते. उपाय एकच होता: घरोघर जाऊन प्रत्येकाकडून थोडी थोडी परत मागायची, म्हणजे कोणत्या तरी मुठीत वीरप्पा वस्ताद सापडतील. बब्रुवानाने एका लिंबाच्या बुडातली घमेलेभर माती उकरली, आणि टोपलीत घालताना वर लिंबाच्या कोवळ्या पाल्याचा हातभर ढीग ठेवला.

"हा पाला कशाला?"

"तालमीची वस्तू हाय, गुरुजी. रिकामी कशी परत करू?"

येथे मला आमच्या बायकांचा एक जुना नियम सांगितला पाहिजे. शेजारणीचे भांडे रिकामे परत करायचे नाही. त्यात काही नाही तर गुळाचा खडा तरी घालायचा. हा नियम मातीला लागू होईल असे मला कधी वाटले नव्हते. पण गावाला त्यात शंका नव्हती. धुरपताबाईंनी त्या मातीने चूल सारवली होती. "चूल पाडू व्हय आता?" असे त्या कडाडल्या, मग तुळशीतली ओंजळभर काढून दिली, मंजिऱ्यांसकट. अण्णारावांच्या घरून मातीवर कापराचे खडे आले, आणि त्यांचे पैसे मागितले गेले नाहीत, ही त्यांच्या चरित्रातली अपूर्व घटना होय. कोणी हळकुंड कुटून घातले, कोणी वाळा, कोणी कडुलिंबाचा पाला, कोणी पळीभर तिळाचे तेल. एका घरी माती पाळण्यातल्या बाळाच्या उशाशी फडक्यात बांधून ठेवली होती. आईने अर्धी दिली आणि वर वेखंडाचे कांडे ठेवले. म्हाताऱ्या कडूबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या.

"समदी गुडघ्याला लावलीया, बाबा. आता खरवडून दिऊ?"

"नको, आजी."

"का न्हाय? वस्तादाच्या कामाला आली तर गुडघा बी नेतोस का?" असे म्हणत त्यांनी खरोखरच ती खरवडली, आणि कमरेच्या पिशवीतली एक लवंग वर ठेवली. "तोंडातली वस्तू हाय. पर रिकामं न्हाय द्यायचं."

टोपली डोक्यावर घेऊन मी चार दिवस हिंडलो. पहिल्या दिवशी मी टोपी घालून गेलो होतो. दुसऱ्या दिवसापासून टोपीच्या जागी चुंबळ आली. पदवी वेशीबाहेर राहिली.

सर्व माती हौद्याशी जमली तेव्हा तपासणीला एकच रात्र मध्ये होती. वस्तादांनी ती हुंगली नाही. नुसता हात लावला. "सदरा काडा, गुरुजी. मातीत हात घालायचा तर अंग झाकून न्हाय चालत." पहाटेपासून आम्ही ती जुनी माती नवीत कालवली. मी पायाने तुडवली, हाताने चोळली, दोनदा तोंडावर पडलो. तेवढ्यात पश्चिमेची खिडकी उघडली आणि सौभाग्यवतींचा आवाज आला, "पैलवानहो, ते लंगोट काढा दोरीवरून. रिठे उकळून ठेवलेत." तीस-पस्तीस पैलवान निमूटपणे रांगेत उभे राहिले.

दहाला दरोगासाहेब आले. शेरवानी, नाकाला रुमाल, हातात मिसल, म्हणजे प्रकरणाच्या कागदांचा गठ्ठा. त्यांनी हौद्याला एक फेरी मारली. रुमाल किंचित खाली आला. दुसरी फेरी मारली. रुमाल खिशात गेला. गावाने श्वास सोडला, तो त्यांनी मिसल उघडली.

"कायदा असा आहे की बदबू गेली हे मी लिहून चालत नाही. ज्यानं तक्रार केली, त्यानंच वास घेऊन दस्तखत करायचं." आणि मोठ्याने वाचले, "अर्जदार मास्टर भीमाशंकर, बी. ए., हाजिर हैं?"

दोरीवरच्या लंगोटांतून पाणी ठिबकत होते. अण्णाराव, बब्रुवान, धुरपताबाई, सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि मी कमरेपर्यंत उघडा, केसांत माती, मिशीत हळद. पळायला वाट होती. पण ती वस्तादांच्या अंगावरून जात होती.

वस्तादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जावा गुरुजी. हाजिर म्हना."

"वस्ताद, तुम्हाला... कधी कळलं?"

"पैल्याच दिशी. खिडकी उघडून वाचाय बसनारा ह्या गावात दुसरा कोन हाय?"

"मग माझ्याकडेच का आलात?"

"तर कुणाकडं जाऊ?" ते आश्चर्याने म्हणाले. "आमची नाकं कवाच मातीत मिसळली. ज्याला वास येतो, त्यालाच तो गेल्याला कळनार."

मी पुढे झालो. कर्तव्य म्हणून गुडघे टेकले, मूठभर माती उचलली आणि प्रामाणिकपणे हुंगली. लिंबाचा पाला आला, कापूर आला, तुळस, वाळा, आणि कुठे तरी कडूबाईंची लवंग. आणि सर्वांच्या खाली, अगदी बारीक, तोच जुना, आंबट, भरदार वास. वीरप्पा वस्ताद सापडले होते. मी डोळे पुसले. डोळ्यांत हळद गेली होती.

लेखणी घेऊन मी लिहिले: 'वास आहे. तक्रार नाही.'

दरोगासाहेबांनी ते वाचून कपाळाला आठी घातली. "मास्टरसाहब, दोन्ही नाही चालणार. रकाना एकच आहे."

मी पहिले वाक्य खोडले.

घरी आलो तर ओट्यावर गरम पाण्याचा हंडा ठेवलेला होता आणि दाराला आतून कडी होती. "तालमीचा वास गेला म्हणता," आतून प्रश्न आला, "मग हा कुठला?" तीन घंगाळी झाल्यावर मला आत घेण्यात आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वस्ताद आमची टोपली परत घेऊन आले. अर्थात ती रिकामी नव्हती. आत मूठभर माती होती आणि तिच्यावर घडी करून ठेवलेला एक कोरा लाल लंगोट. "टोपली रिकामी कशी दिऊ?" ते म्हणाले, आणि मी तो नेसून बाहेर येईपर्यंत ओट्यावरून हलले नाहीत.

तो लंगोट हल्ली दुपारी माझ्या वाचनाच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीत वाळत असतो, आणि सौभाग्यवती त्याविषयी अर्ज करण्याच्या विचारात आहेत.